होमाची शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे आणि माझ्या पोटात तुळशीचा मणी आहे. खरं तर शिट्टीच्या पोटात बुचाची गोळी असते. विलायतेहून निघाले तेव्हा माझ्याही पोटात तीच होती. ती जाऊन तिथे मणी कसा आला, हे सांगायचं तर एका रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात जे घडलं तेच सांगावं लागेल. त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही. पितळेला कसला आलाय धक्का, असं तुम्हाला वाटेल. मग मला जरा हातात घ्या. माझ्या ओठावर पक्कडीच्या दातांच्या खुणा अजून दिसतात.

माझा जन्म बर्मिंगहॅम शहरातल्या एका कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा कापला, वाकवला, डाग देऊन जोडला, आत बुचाची गोळी सरकवली आणि पाठीवर 'इंग्लंड' अशी अक्षरं ठोकली. त्या अक्षरांचा मला फार अभिमान होता. इंग्लंड म्हणजेच विलायत, विलायत म्हणजेच ब्रिटन, तिथे एक राणी आणि एक झेंडा, एवढंच मला ठाऊक होतं. पुढे एका बोटीवरच्या अधिकाऱ्याने मला विकत घेतलं आणि मी समुद्रावर गेले.

गोवा मुक्त होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. आमची बोट खनिज न्यायला मुरगाव बंदरात उभी होती. पाळी, डिचोलीकडून लाल माती भरलेले बार्ज नदीतून खाली येत. त्यातल्या एका बार्जवर गोकुळदास नावाचा तरुण कारकून होता. एका संध्याकाळी बोटीवरची माणसं आणि बार्जवरची माणसं किनाऱ्यावर फुटबॉल खेळली. मला वाजवत होता माझा अधिकारी.

सामना संपल्यावर गोकुळदास मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही इंग्लंडचे लोक छान खेळता."

अधिकाऱ्याने हात वर करून त्याला थांबवलं. "मी इंग्लंडचा नाही. मी वेल्सचा. आमचा गोलकीपर स्कॉटलंडचा. आचारी उत्तर आयर्लंडचा. इंग्लंडची फक्त ही," असं म्हणून त्याने मला उचलून दाखवलं.

सगळे हसले. मी मात्र थिजून गेले. ज्याच्या तोंडी मी वर्षभर होते, तो माझ्या देशाचा नव्हता, आणि तरी होता. हे कसलं गणित?

मग त्याने गोकुळदासला नीट समजावलं. फुटबॉलमध्ये ब्रिटनचा एक संघ नसतो. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड, चौघांची मंडळं वेगळी, संघ वेगळे, मतही वेगळं. हा खेळ जगभर जायच्याही आधी त्यांनी आपापली मंडळं काढली, ती तशीच राहिली. खेळाचे कायदे ठरवणाऱ्या बैठकीत एकूण आठ मतं. या चौघांना एकेक, म्हणजे चार, आणि बाकीच्या सगळ्या जगाला मिळून चार. कायदा बदलायचा तर आठांतली सहा मतं पाहिजेत. इंग्लंड एवढं मोठं, वेल्स एवढंसं, पण मत दोघांना एकच.

"आणि दर वर्षी आम्ही चौघे आपापसांत खेळतो," अधिकारी म्हणाला. "त्याला आम्ही होम म्हणतो."

गोकुळदासने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. निघताना अधिकाऱ्याने त्याला नियमांचं छोटं पुस्तक दिलं, आणि मलाही.

गोकुळदासची नोकरी पुढे बदलली. तो आपल्या गावात, पाळीच्या खालच्या अंगाला, प्राथमिक शाळेत मास्तर झाला. गावात चार वाडे. देऊळवाडा आणि बाजारवाडा मोठे. नदीकाठी न्हंयवाडा, तो लहान. चौथा खाणवाडा, सगळ्यांत नवा. कोल्हापूर, बेळगावकडून खाणीवर कामाला आलेल्या लोकांच्या खोल्यांची ती रांग. मास्तरांनी गावाला सांगितलं, भातकापणी झाली की मळ्यात चारही वाड्यांचे सामने घ्यायचे, आणि नियम त्या पुस्तकाप्रमाणे.

"चार वाडे खंयचे?" तेव्हा कुणीतरी विचारलं होतं. "तीन आमचे. ते खाणीवरचे घाटावयले लोक. त्यांका गावाचे कशे म्हणपाचे?"

"एका राणीचे चार संघ जातात, तर एका देवाचे चार वाडे कित्याक जायनात?" मास्तर म्हणाले.

 एक राणी आणि चार संघ ही गोष्टच मंडळींना पटेना. दोघा-तिघांनी ते पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. शेवटी ठरलं. वाड्यांना एकेक मत, देवस्थानच्या समितीला चार, आणि काहीही बदलायचं तर सहा. सामन्यांना गावाने नावही तेच दिलं, होम.

आता मित्रांनो, घरात काय झालं ते ऐका.

मास्तरांची पत्नी भाग्यलक्ष्मी अगदी हळू बोलणारी बाई. तिच्या घरात रेडिओसुद्धा मोठ्याने लागत नसे. तिचे नेम बारा महिने चालत. सकाळी तुळशीला पाणी, मग एकशे आठ मण्यांची माळ, मग चहा. पौषातल्या रविवारी, म्हणजे तिच्या भाषेत आयतारी, सूर्याचा उपास आणि दुपारपर्यंत मौन. मास्तर मला वाजवून आले की ती मला चिंचेने घासून पुसून जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, खिळ्याला टांगायची. देव्हाऱ्याकडे मात्र कधी नाही. माणसाच्या तोंडाला लागलेली वस्तू उष्टी. स्वतः तर तिने मला कधी ओठांशी नेलं नाही.

तिने 'होम' हा शब्द ऐकला आणि तिच्या डोळ्यांसमोर जो होम आला तोच तिने धरला. चार वाडे मिळून पौषात होम करतात, त्यानिमित्त खेळ होतो, तिचे यजमान त्याचे मुख्य. तेव्हापासून पहिल्या सामन्याचा रविवार तिने दुहेरी नेमाने पाळला, एक उपास सूर्याचा आणि एक होमाचा. मळ्याच्या बांधावर नारळ ठेवायला ती न चुकता पाठवायची. मास्तरांना वाटायचं, सूर्याचं व्रत आहे. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. वीस वर्षं गेली. खिळ्यावरून मी सगळं पाहत होते, पण मला फुंकल्याशिवाय तोंड कुठे आहे?

ती वीस वर्षं माझ्या सुखाची. 'मास्तरांची विलायती शिट्टी' म्हणून पोरं मला बोट लावून बघायची. खाणवाडा बहुतेक वेळा हरायचा. पण सामन्याच्या दिवशी देवळाच्या फळ्यावर खडूने चार नावं लिहिली जायची आणि चौथं नाव त्यांचं असायचं.

मग सत्त्याऐंशी साल आलं. कोंकणी की मराठी, या भाषेच्या वादावरून दोन वर्षं गाव धुमसत होता. एकाच ओट्यावर बसणारे लोक तोंडं फिरवून बसू लागले होते. दमण आणि दीव बाजूला झाले, गोवा राज्य झाला. सगळीकडे नव्या राज्याचं नाव. मास्तरांचा मुलगा गौरेश तेव्हा देऊळवाड्याचा कप्तान होता. एके दिवशी तो म्हापशाच्या वाचनालयातून वर्तमानपत्राचं एक जुनं कात्रण उतरवून घेऊन आला.

"बाबा, राज्य जालें. आता राज्याच्या स्पर्धेंत आमचें नाव जावंक जाय. आमी आनी बाजारवाडो मिळून एक बरो संघ करतले. ह्या मळ्यांत वळवळून कितें मेळटा?"

"आनी होम?" मास्तरांनी विचारलं.

"होम बंद. तुमचो तो विलायतेंतलो होमूय केन्नाच बंद पडला. चौऱ्याऐंशी साली."

मास्तर चष्मा शोधायला लागले. तो त्यांच्या डोळ्यांवरच होता.

गौरेशने वाचून दाखवलं, आत भाग्यलक्ष्मीच्याही कानावर ते पडत होतं. इंग्लंड आणि स्कॉटलंड म्हणाले, धाकट्या दोघांशी खेळायला आता लोक येत नाहीत, आम्हाला मोठ्या देशांशी खेळायचंय. दोघे उठले आणि शंभर वर्षांचे सामने संपले. शेवटच्या वर्षी तर चौघांचे गुण अगदी सारखे झाले होते. प्रत्येकाने एक सामना जिंकलेला, एक हरलेला, एक बरोबरीत. गोलांच्या फरकाने उत्तर आयर्लंड पहिलं आलं आणि स्पर्धेचा चषक कायमचा त्यांच्याकडेच राहिला.

"आनी बंद करून कोणाचें वायट जालें?" गौरेश म्हणाला. "दोनच वर्सांनी इंग्लंड, स्कॉटलंड मेक्सिकोक विश्वचषक खेळपाक गेले. उत्तर आयर्लंडूय गेलो. पंचायतीच्या टीव्हीर तुमीच पळयलां न्हय?"

"वेल्स?"

"वेल्स घरा रावलो."

 मास्तरांचा हात माझ्याकडे आला आणि परत गेला. माझी अवस्था काय सांगू? तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं मी इथे होमाची शिट्टी म्हणून मिरवत होते, आणि माझ्या जन्मगावी तो होमच नव्हता. आणि उठून गेलेल्या दोघांतला पहिला, माझ्या पाठीवर ज्याचं नाव होतं तोच.

दुसऱ्या दिवशी खाणवाड्याचा कप्तान अशोक दारात आला. खनिजाच्या धुळीने त्याच्या भुवयासुद्धा लाल झालेल्या.

"मास्तर, बंद करणार म्हंत्यात, खरं का?"

"रविवारी सभा आहे. मतं पडतील."

"आमचं काय चुकलं तेवढं सांगा. गेल्या साली आमी सात गोल खाल्लं, पर खेळ टाकून पळालो न्हाई." त्याने भुवयांवरची धूळ पुसली. "वर्सातनं एकदा आमचं नाव देवळाच्या फळ्यावर येतंय. पोरं बघाय जात्यात. एवढंच."

मास्तर म्हणाले, "मी असेपर्यंत तुमचं नाव जाणार नाही." शब्द देऊन बसले खरे, पण त्यांच्या हातात मत कुठे होतं? मतं वाड्यांची आणि समितीची. ते तर नुसते पंच. भाग्यलक्ष्मीने आतून हे सगळं ऐकलं. होम बंद होणार, एवढंच तिने मनाशी धरलं. त्या दिवशी तिच्या जपात दोनदा चूक झाली.

पौषातला तो दुसरा रविवार. आरती झाल्यावर मंडपात सभा बसली. मास्तर घाईत मला खिळ्यावरच विसरून गेले. माझ्याशिवाय त्यांची सभा कधी सुरू झालेली नव्हती, म्हणून भाग्यलक्ष्मी मला पदरात घेऊन निघाली. तिचा उपास होता, मौन होतं. मंडपाशी पोहोचली तेव्हा सभा सुरू झालेली होती. पुरुषांच्या गर्दीत पुढे कसं जायचं, म्हणून ती खांबाशी उभी राहिली. मी तिच्या मुठीत होते. मूठ थंड होती.

समितीचे अध्यक्ष अनंतबाब बसले होते. मास्तरांच्या मांडीवर ते जुनं पुस्तक. बाजारवाड्याचा कप्तान बाबली, त्याच्या बापाचं बाजारात भुसारीचं दुकान, उठून म्हणाला, "बाजारवाडो, बंद."

अशोक म्हणाला, "आमी अजून काय बोललोच न्हाई."

"तुमी सात गोल खाल्ले न्हय, मागीर बोलपाक पोटांत जागो खंय उरलो?" बाबली म्हणाला. दोन-चार जण हसले.

गौरेश उठला. बापाकडे न बघता म्हणाला, "देऊळवाडो, बंद."

न्हंयवाड्याचा म्हातारा कप्तान म्हणाला, "चालू." अशोक म्हणाला, "चालू."

दोन आणि दोन. आता समितीची चार. समिती मोठ्या वाड्यांच्या बाजूने होती, ते सगळ्यांना माहीत होतं. दोन आणि चार सहा. मास्तरांनी पुस्तक मिटलं. आठांतली सहा हा कायदा त्यांनीच आणला होता, धाकट्यांना जपायला म्हणून, आणि त्याच कायद्याने आज धाकटे उठणार होते. अनंतबाबांनी घसा साफ केला.

आणि मी वाजले.

मित्रांनो, मी हजारदा वाजले असेन, पण असं कधी नाही. दगडी मंडप, वरती कौलं, आवाज फिरला आणि माझ्यावरच येऊन आदळला. मला फुंकलं होतं भाग्यलक्ष्मीने. वीस वर्षं जिला मी उष्टी होते, तिच्या ओठांत मी होते, उपासाच्या दिवशी, देवासमोर. तिने इतक्या जोराने फुंकलं की माझ्या पोटातलं जुनं बूच फुटलं आणि त्याचा भुगा तिच्या तळहातावर पडला.

 मास्तर अर्धवट उठून तसेच राहिले. गौरेशचा चेहरा पांढरा झाला होता.

सूर्य अजून डोक्यावर आला नव्हता, पण तिने मौन सोडलं. आवाज नेहमीसारखाच हळू होता. "अर्द्या होमांतल्यान उठपाचें न्हय. पूर्णाहुती जायनासतना अग्नी विझयता कोण? हांव वीस वर्सां ह्या होमाचो उपास धरता."

 मग बाबलीला हसू फुटलं. ते त्याला आवरेना. "मास्तरीणबाय, होम म्हणल्यार तो होम न्हय गो. इंग्लिशींत होम म्हणल्यार घर."

मंडपात हशा पिकला. गौरेशने मान खाली घातली. भाग्यलक्ष्मी नवऱ्याकडे बघत राहिली. "खरें?"

मास्तरांनी मान डोलावली. "म्हाका दिसलें, तू आयताराचो उपास धरता."

वीस वर्षांचे उपास तिच्या चेहऱ्यावरून एकेक करून उतरताना मी पाहिले. मला वाटलं, आता ही पदर ओढून निघून जाईल. ती गेली नाही. बुचाच्या भुग्याकडे बघत तिने तो शब्द हळूच म्हणून पाहिला. "घर."

मग म्हणाली, "तर मागीर हें चडच वायट. होमांतलो एक भट उठलो तर दुसरो बसयतां येता. घरांतलें माणूस उठलें तर त्या जाग्यार कोणाक बसयतले?"

हसणं थांबलं.

"आई," गौरेश म्हणाला, "विलायतेंतूय तो बंद पडला."

"तूंच वाचलें न्हय, निमाणे वर्सा चौगूय सारके आशिल्ले म्हणून? पंगतींत सगळ्यांचीं पानां सारकीं वाडलेलीं आसतना कोण उठता रे, पुता?" हे तिने रागाने विचारलं नाही. तिला खरंच ते समजत नव्हतं. तिला त्या दोन देशांबद्दल वाईट वाटत होतं.

अशोकने डोक्याचा टॉवेल काढून हातात घेतला होता. तो खांबाकडे बघत होता, तिच्याकडे नाही. घर सोडून सोळा वर्षं झालेला माणूस तो. गौरेशने त्याला पाहिलं. 

"अनंतबाब," गौरेश म्हणाला, "देऊळवाड्याचें मत फाटीं घेतां. चालू."

"आरे, राज्याची स्पर्धा?" बाबली ओरडला.

"ती आसा. तीय खेळूया. हाका कित्याक मोडपाचो?"

अनंतबाबांनी बोटं मोजली. समितीची चार, बाजारवाड्याचं एक. पाच. त्यांनी पुन्हा मोजली. मग मास्तरांकडे बघून म्हणाले, "तुजें पुस्तक सांगता तें सांग."

"सहा जाय," मास्तर म्हणाले. 

होम राहिला.

घरी आल्यावर भाग्यलक्ष्मी देवासमोर खूप वेळ बसली. मौन मोडलं, उपासात उष्टं तोंडी घेतलं, आणि यजमानांची वस्तूही फोडली. तिने सोमवारीही उपास धरला. मी पाटावर पडले होते, पोट रिकामं. मला फुंकलं तर नुसता वारा. गौरेश मला उचलून म्हणाला, "आई, आत घालपाक बारीकशें, हलकें कितें तरी जाय."

तिने माळ हातात घेतली. गाठ सोडली आणि एक मणी काढून त्याच्या हातावर ठेवला.

"आई, जपाची माळ ही."

"एकशे सात म्हाका पुरतात. एक थंय फिरूं दे."

गौरेशने पक्कडीने माझा ओठ उघडला, मणी आत सोडला, पुन्हा दाबला. तेच हे दातांचे वळ. माझा आवाज त्या दिवसापासून बदलला. आधीसारखी फुर्र नाही, आत कुणीतरी भराभरा नाव घेतंय असं वाटतं. पुढच्या रविवारी मळ्यात सामने सुरू झाले. देऊळवाड्याने खाणवाड्याला चार गोलांनी हरवलं. माझ्या वाजण्याने त्यात काही फरक पडला नाही. फळ्यावर मात्र चार नावं होती, आणि बांधावर दोन नारळ. एक भाग्यलक्ष्मीचा. दुसरा कुणी ठेवला ते अशोकने कधी सांगितलं नाही.

आता मास्तर निवृत्त झाले. मैदानात प्लास्टिकच्या शिट्ट्या आल्या, मोठ्या आवाजाच्या, पोटात काही नसलेल्या. माझा खिळा गंजून गेला. मला वाटलं, आता गुंड्यांच्या डब्यात जागा. पण तिने मला चिंचेने घासलं, पुसलं आणि देव्हाऱ्यात घंटेच्या शेजारी ठेवलं. मी, तोंडाला लागलेली. तो माझा शेवटचा धक्का, आणि त्यातून मी अजून सावरले नाही.

मित्रांनो, पितळेला चिंच लावा, कोरडं पुसा, दमट जागी टाकू नका, एवढं तुम्ही कराल हे मला ठाऊक आहे. मला एकच मागायचं आहे. कुठेही, कसलाही खेळ मांडाल, तेव्हा शिट्टी ओठाला लावायच्या आधी एकदा मान वळवून मोजा, सगळे आले का. कुणी कमी असेल तर थोडं थांबा. भाग्यलक्ष्मीच्या एका फुंकरीसाठी मी वीस वर्षं थांबलेली आहे, आणखी क्षणभर थांबायला माझी काही हरकत नाही.